ड्रायव्हर बाजूची परात

शनिवारी दुपारी स्वयंपाकघरात एक झाकण पडलं, आणि पडल्यावर गप्प बसायचं सोडून फरशीवर गरगरत राहिलं. आधी मोठ्या फेऱ्या, मग लहान, मग अगदी घाईघाईनं थरथरत, आणि एकदाचं निपचित. सगळं घर आडवं झालेलं होतं. माझ्या दंडावर डोकं ठेवून शालू नुकतीच पेंगायला लागली होती, ती टक्क जागी झाली.

शेजारच्या खोलीतून आत्तींचा आवाज आला. माझ्या सासूबाई. डोळे मिटलेलेच असणार.

"ठेवा ती परात."

स्वयंपाकघर चिडीचूप.

"ठेवा म्हटलं की. स्टीलची हाय ती. माझ्या माहेरची."

"मांजर असंल," स्वयंपाकघरातून आप्पा म्हणाले.

शालू खुदकन हसली आणि झोप संपल्याचं तिनंच जाहीर केलं. मी उठून गेले तर माझे सासरे एका काखेत स्टीलची परात आणि दुसऱ्या काखेत जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, परात घेऊन मागच्या दाराची कडी कोपरानं काढायचा प्रयत्न करत होते.

"डॉक्टर," ते हळूच म्हणाले, "तू काय बघितलं नाहीस. दार उघड तेवढं."

मी गुरांची डॉक्टर. म्हणजे तसं प्रमाणपत्र होतं. शालू झाल्यापासून साडेचार वर्षांत एकाही म्हशीच्या अंगाला मी हात लावलेला नव्हता, आणि गडहिंग्लजच्या आमच्या गल्लीत मी 'शालूची आई' एवढीच होते. आप्पा मात्र मला पहिल्या दिवसापासून डॉक्टरच म्हणत. मी पोळी करपवली तरी डॉक्टरच.

सोमवारी सकाळी आठ वाजता मला दूध संघाच्या दवाखान्यात रुजू व्हायचं होतं. तीस किलोमीटर, घाटाच्या तोंडाशी. तिकडे जाणारी पहिली एसटी अकराला पोचायची. म्हणून गाडी. आप्पांनी निवृत्त झाल्यावर एका कंत्राटदाराची वापरलेली, लांबलचक, परदेशी बनावटीची गाडी घेतली होती. आत्ती तिला साहेबीण म्हणत. "चारी चाकांना डिस्क ब्रेक," आप्पा येईल त्याला सांगत. "गल्लीत कुणाच्या गाडीला हायत दाखव." कुणाच्या गाडीला नव्हते, आणि कुणाला हवेही नव्हते.

गुरुवारी मी सरावाला म्हणून गाडी काढली तर घरी येईपर्यंत मागून कापड जळल्यासारखा वास यायला लागला. आप्पांनी मागच्या डाव्या चाकावर तांब्यातलं पाणी शिंपडलं. चुर्र झालं.

"कॅलिपर धरलाय," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतो तो कॅलिपर. ब्रेक दाबला की तेलाच्या जोरानं त्यातला वाटीएवढा पिस्टन पुढे येतो आणि चिमटा आवळतो. पाय उचलला की चिमटा सुटायला हवा. आमचा सुटत नव्हता. गॅरेजवाल्यानं सांगितलं, मागची नवी जोडी मुंबईहून येईल, वीस दिवस धरा. आप्पा म्हणाले, नवी कशाला? आतली रबरं तेवढी बदलायची, घासायचं, बसवायचं. शुक्रवारी ते स्वतः कोल्हापूरला जाऊन रबरांची पुडी घेऊन आले.

त्या रात्री पुण्याहून नवऱ्याचा, रणधीरचा, फोन आला.

गेल्या पाच-सहा महिन्यांत आप्पांचं काहीतरी होत होतं. एकदा बाजारात गाडी लावून ते रिक्षानं घरी आले आणि अंगणात गाडी नाही म्हणून चोरीची तक्रार द्यायला निघाले. एकदा शेजारच्या भोसकर सरांच्या स्कूटरचं चाक बसवून दिलं, नट आवळायचे राहिले. सर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले, चाक त्यांच्याही पुढे गेलं. सरांना काही झालं नाही, पण तेव्हापासून ते आमच्या दारावरून चालत जाताना पायांकडे बघून जात.

"हे शेवटचं," रणधीर म्हणाला. "तू तिथं बसून राहा. त्या गाडीत तू असणार, शालू असणार. एक जरी चूक झाली तर मला सांग. रविवारी येतोच आहे मी. पेटी उचलून पुण्याला नेतो."

पेटी म्हणजे आप्पांची हत्यारांची हिरवी लोखंडी पेटी. चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली त्यांनी. खाकी गणवेश फाटले की त्यांच्या पट्ट्या करून एकेक पाना त्यात गुंडाळून ठेवलेला असे. रणधीरनं आप्पांनाही फोन द्यायला लावला आणि हेच सांगितलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं," म्हणाले. तेवढंच.

*

तर त्या शनिवारी मी दार उघडून दिलं.

मागच्या पडवीत गाडीचा मागचा भाग जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवून ठेवलेला होता. चाकं काढलेली. गाडी पुढे सरकू नये म्हणून पुढच्या चाकाखाली एक वीट होती आणि दुसऱ्या चाकाखाली वरवंटा.

आत्ती पदर सावरत मागोमाग आल्याच. त्यांनी पराती बघितल्या, वरवंटा बघितला.

"आणि चटणी कशानं वाटू? जॅकनं?"

"मिक्सर हाय की घरात."

"मग मिक्सर ठेवा की चाकाखाली!"

"शालू," आप्पा म्हणाले, "तुझ्या आज्जीला विचार, चौतीस वर्षं पगार कोण आणत होतं."

"शालू, तुझ्या आज्याला विचार, चौतीस वर्षं दुनियेचे लाल डबे दुरुस्त केले, मोरीचा नळ गळतोय तो कोण करणार?"

शालूनं दोघांकडे बघितलं आणि जर्मनच्या परातीत जाऊन बसली.

तिला उठवून आप्पांनी पराती मांडल्या. त्यांच्या वर्कशॉपची ही पद्धत. कागदावर काही लिहायचं नाही, खडूनं खुणा करायच्या नाहीत. तेलकट हातानं सगळं पुसलं जातं. प्रत्येक चाकाचं सामान त्याच्या त्याच्या भांड्यात, आणि भांडं त्या चाकाच्या शेजारी. डावं-उजवं हे शब्दही चालायचे नाहीत, कारण माणूस गाडीच्या पुढे उभा की मागे त्यावर डावं-उजवं बदलतं. ड्रायव्हर बाजू आणि कंडक्टर बाजू. गाडीकडे कुठूनही बघा, ड्रायव्हर आपल्या जागी असतो.

"स्टील कुणाची?"

"ड्रायव्हरची," शालू ओरडली.

"जर्मन?"

"कंडक्टरची!"

"आणि माझी कंची?" आत्ती म्हणाल्या. "मी पीठ कशात मळू ते सांगा."

मला वाटलं होतं मी नुसती बसून राहणार, लक्ष ठेवायला. पण आप्पांच्या गुडघ्यांना खाली वाकवेना आणि ड्रायव्हर बाजूचा पहिला बोल्ट सुटेना. मी पाना लावला, जोर दिला, पाना सटकला आणि कॅलिपरच्या अंगावर बोटभर लांब ओरखडा पडला. पांढराशुभ्र, चमकणारा.

"म्हशीला असं केलं असतंस तर लाथ बसली असती," आप्पा म्हणाले. "पुढं चल."

पिस्टन बाहेर काढायला त्यांनी सायकलचा पंप लावला. समोर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर जुना टॉवेल. "आता हळूहळू येतोय बघ," असं ते म्हणत असतानाच फट्ट करून आवाज झाला. घरात काहीतरी सांडलं आणि आत्ती ओरडल्या, "आता गं बया! कोण गेलं?"

"पिस्टन गेला," आप्पा शांतपणे म्हणाले. "बाकी सगळे हायत."

मग घासणं. शून्य नंबरचा पॉलिश पेपर घेऊन पिस्टनवरचा गंज असा काढायचा की गंज जाईल पण ओरखडा उठणार नाही. आतल्या खाचेत वर्षानुवर्षांचा काळा मळ अडकला होता. तिथे आप्पांचं बोट जाईना, डोळाही पोचेना. मी आत जाऊन कपाटावरची माझी बॅग काढली. साडेचार वर्षं न उघडलेली. त्यातला एक बारीक आकडा घेतला आणि खाचेत फिरवला. मळ वळवळत, अखंड दोऱ्यासारखा बाहेर आला.

आप्पा बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होते.

"हात चांगला हाय," ते म्हणाले. "म्हशी नशीबवान."

नवीन रबर ब्रेकच्या तेलात बुडवून, बोटानं चोळून, खाचेत बसवायचं. आत्ती चहा घेऊन आल्या होत्या, त्या बघत राहिल्या.

"खोबरेल देऊ?"

"खोबरेलानं फुगतंय रबर. ह्येच तेल लागतंय त्याला."

"किती मायेनं चोळाय लागलाय. माझ्या गुडघ्याला एवढं कधी चोळलं असतं तर मी पळत सुटले असते."

"म्हणूनच चोळलं न्हाई."

संध्याकाळपर्यंत दोन्ही कॅलिपर तयार झाले. एकमेकांचं प्रतिबिंब असावं तसे, तेच रूप, फक्त उलट. स्टीलच्या परातीत ओरखड्याचा, जर्मनच्या परातीत बिनओरखड्याचा. मी दोन्ही पराती उचलून आत ठेवल्या आणि वर वर्तमानपत्र झाकलं. सबंध दिवसात आप्पांचं एक काही चुकलं नव्हतं. रणधीरला मी तसा निरोप पाठवला. त्यानं अंगठा पाठवला.

*

रविवारी तो येणार म्हणून पुरण शिजत होतं. सकाळी मी आत्तींच्या हाताखाली होते. बाहेर आप्पा आणि शालू. मधूनमधून पान्याचा आवाज येत होता आणि शालूची अखंड बडबड. साडेअकराला आप्पांनी खिडकीतून हाक मारली.

"झालं बसवून. हवा काढायची राहिली तेवढी. दोन माणसं लागतील."

नळ्या सोडल्या की तेलात हवा शिरते. हवा असली की ब्रेक मऊ पडतो. पेडल नुसतं आत जातं. ती काढायला एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं खाली कॅलिपरवरची छोटी तोटी उघडायची. तेलाबरोबर हवा बाहेर येते. तोटी बंद, मग पाय वर. खाली मी जाणार हे ठरलेलंच होतं. पेडलवर आत्ती.

"मी? त्या साहेबिणीच्या मांडीवर?"

त्या आयुष्यात कधी स्टेअरिंगमागे बसल्या नव्हत्या. चपला बाहेर काढून, नमस्कार करून बसल्या. आप्पांनी पाय कुठे ठेवायचा ते दाखवलं आणि स्वतः मागे स्टुलावर बसले. तोटीला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या तेलात. बाटलीपुढे शालू, बुडबुडे मोजायला.

"दाब," आप्पा म्हणाले. "धर. धरून ठेव. आता सोड."

"दाब, धर, सोड," आतून आत्ती म्हणाल्या. "चाळीस वर्षं ह्येच चाललंय."

"किती आले शालू?"

"शून्य."

"परत. दाब."

एक बुडबुडा नाही. स्वच्छ तेल येत होतं, दोन्ही बाजूंना. म्हणजे हवा संपली. आप्पा खूश झाले. "बघ आता पेडल कसं लागतंय."

आत्तींनी दाबलं. "पुरणाच्या गोळ्यावर पाय दिल्यासारखं."

"असं कसं? परत दाब."

"परत दाबलं. गोळाच हाय."

परत सगळं. तेलाचा एक डबा संपला, दुसरा फोडला. दाब, धर, सोड. बुडबुडा एक नाही आणि पेडल जमिनीला टेकतंय. बारा वाजले, साडेबारा वाजले. आत्तींच्या बोलण्यातली गंमत संपून त्या मुकाट्यानं दाबायला लागल्या, तेव्हा मला भीती वाटायला लागली.

"मास्टर गेला असंल," स्टुलावरून आप्पा म्हणाले. पेडलपाशी जो मोठा पंप असतो, तो. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मास्टर गेला असंल तर मग…"

मग आणखी वीस दिवस. मग सोमवार गेला. मग पेटीही गेली.

मी गोणपाटावर उताणी पडले होते. डोळ्यांसमोर कॅलिपर, कॅलिपरच्या तळाशी तोटी, तोटीतून नळी खाली. मी नुसती बघत होते. बोटांना तेलाचा बुळबुळीतपणा. आणि का कोण जाणे, मला वासराला द्यायच्या इंजेक्शनची आठवण झाली. औषध भरलं की सिरिंज उभी धरायची. सुई वर. टिचकी मारायची, हवा वर गोळा होते, मग दट्ट्या दाबला की आधी हवा जाते. सुई खाली करून कुणी हवा काढत नाही. सुई खाली केली की औषध जातं आणि हवा वरच बसून राहते.

तोटी तळाशी होती.

मी सरपटत दुसऱ्या बाजूला गेले. तिथेही तोटी तळाशी. आणि तोटीच्या वर, कंडक्टरच्या बाजूला, बोटभर लांब पांढराशुभ्र ओरखडा.

ड्रायव्हरचा कॅलिपर कंडक्टरला आणि कंडक्टरचा ड्रायव्हरला. उलटे बसले म्हणून तोट्या खाली गेल्या. एवढंच झालं होतं. अर्ध्या तासाचं काम. मी काल पराती उचलल्या होत्या तशाच सकाळी बाहेर आणून ठेवल्या होत्या, स्टीलची ड्रायव्हरच्या बाजूला, हे मला नीट आठवत होतं.

गाडीखालून आप्पांचे फक्त पाय दिसत होते. उजव्या पायाचा अंगठा ते डाव्या पायावर घासत होते. उत्तर येत नसलं की शालू घासते, तसे.

तेवढ्यात फाटक वाजलं.

"काय, झाली का साहेबीण तयार?" रणधीरचे बूट पडवीत आले आणि आप्पांच्या पायांसमोर थांबले. "आई, तू तिथं काय करतेस?"

"हवा काढतोय. हवा काय जाईना. आधी मला कुणीतरी उतरवा, पायाला मुंग्या आल्यात."

कुणी त्यांना उतरवलं नाही.

"काय झालं आप्पा?"

स्टूल सरकल्याचा आवाज. आप्पा उठून उभे राहिले होते.

"रणधीर," ते म्हणाले, "मास्टर गेलाय, असं मला वाटतंय. पण सकाळी बसवताना… म्हणजे मी सगळं बरोबरच… न्हाई, तसं सांगता येत न्हाई. माझ्याकडनंच काय तरी…"

"मी केलं," मी गाडीखालून म्हणाले.

बुटांची टोकं माझ्याकडे वळली. मी बाहेर आले. केसांत तेल, गालावर तेल.

"काल संध्याकाळी पराती आत नेताना माझ्याकडून सामानाची अदलाबदल झाली. याचा त्यात, त्याचा यात. आप्पांनी परात बघून बसवलं. तोट्या खाली गेल्यात, हवा वर अडकलीय. मास्टरला काही झालेलं नाही."

आप्पा वाकले, एका हातानं गुडघा धरून, गाडीच्या खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सरळ झाले, आणि मी वाट बघत होते ते सुरू झालं.

"चौतीस वर्षं!" ते म्हणाले. "चौतीस वर्षांत माझ्या हाताखाली सत्तर हेल्पर येऊन गेले. एकानं परात बदलली न्हाई! एकानं! स्टील कुणाची म्हणून काल मी पोरीला विचारलं, साडेचार वर्षांच्या पोरीला ठाऊक हाय, आणि ही डॉक्टर! उद्या म्हशीचं इंजेक्शन रेड्याला देशील!"

"चुकलं आप्पा."

"चुकलं काय? ब्रेक हाय हा! खेळ वाटला काय?" आवाज चढत गेला तसा त्यांचा बाकही सरळ होत गेला. "दोन डबे तेल सांडलं! ह्या बाईला दीड तास पेडलवर बसवलं!"

"माझं नाव घेऊ नका," आत्ती म्हणाल्या. "पोरीला बोलताय आणि मला मधी घालताय."

आप्पा पाच मिनिटं बोलत होते. मला इतकं कुणी कधी झापलेलं नाही, माझ्या वडिलांनीसुद्धा नाही. मी खाली मान घालून उभी होते आणि हसू येऊ नये म्हणून गालाची आतली बाजू चावत होते. रणधीर मात्र उघड हसत होता.

"मग आता पेटी कुणाची नेऊ?" तो म्हणाला. "हिची इंजेक्शनची?"

नंतर मी मोरीत हात धूत असताना तो मागून आला. हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे आप्पा ठीक आहेत."

मी साबण घेतला.

"ठीक आहेत," मी म्हणाले.

*

जेवणं झाल्यावर कॅलिपर उतरवून आपापल्या जागी लावले. रणधीर मदतीला आला तर आप्पांनी त्याला हाकललं. "तुझं काम कीबोर्डचं. इथं डॉक्टर आणि मी बास."

ड्रायव्हरच्या बाजूचा पहिला बोल्ट त्यांनी आवळला. माझ्यावर न सोपवता, स्वतः वाकून. मग पाना माझ्यापुढे धरला.

"बघ."

"घट्ट आहे आप्पा. तुम्ही आवळलाय."

"बघ म्हटलं की. माझ्या मागनं."

मी पाना लावला. घट्ट होता. दुसरा त्यांनी आवळला, मी बघितला. घट्ट. कंडक्टर बाजूचा पहिला, घट्ट. शेवटच्या बोल्टला मी पाना लावला आणि जोर दिला तर तो फिरला. अर्धा फेरा नाही, पाव. पण फिरला.

आप्पा भिंतीवरच्या वेलाकडे बघत होते. मी बोल्ट पुरता आवळला आणि पाना खाकी चिंधीत गुंडाळला.

या गोष्टीला आता सात वर्षं होतील. त्या दिवसानंतर पेटीतला एकही पाना आप्पांनी माझ्याशिवाय उचलला नाही. ते स्टुलावर बसत आणि मी केलेल्या प्रत्येक कामात खोट काढत. त्या चौथ्या बोल्टबद्दल मात्र आमच्यात कधी अक्षर निघालं नाही.

मग पुन्हा आत्ती पेडलवर, पुन्हा दाब-धर-सोड. या वेळी तोट्या वर होत्या. पहिल्याच दाबाला बाटलीत भसाभसा बुडबुडे आले. शालू वीसपर्यंत मोजून पुन्हा एकपासून सुरू करत होती. शेवटी ती म्हणाली, "संपले," आणि आतून आत्ती म्हणाल्या, "आता दगड लागला बघा!" त्यांना उतरवलं तेव्हा त्या लंगडत दोन पावलं चालल्या, थांबल्या आणि वळून म्हणाल्या, "ती वाजवायची पिपाणी कुठं असती त्यात?" दाखवल्यावर आत हात घालून त्यांनी हॉर्न असा दाबला की भोसकर सर गॅलरीत आले आणि आधी आमच्या चाकांकडे बघून घेतलं.

ऊन उतरायच्या आत मी गाडी बाजार समितीच्या मोकळ्या मैदानात नेली. शेजारी आप्पा. वीसच्या वेगानं ब्रेक, तीसच्या, चाळीसच्या. आप्पा प्रत्येक वेळी खाली उतरून मागच्या दोन्ही चाकांना हात लावून बघायचे, ताप बघतात तसा.

"सोमवारी घाटात दुसऱ्या गिअरवर उतरायचं," ते म्हणाले. "नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवायची न्हाई."

"बरं आप्पा."

"आणि पराती हलवायच्या न्हाईत."

"नाही हलवणार."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते. मिशीत काही हललं का, ते मला आजही सांगता यायचं नाही.

घरी आल्यावर मी शालूला मागच्या नळाखाली उभं केलं. कोपरापर्यंत काळी झाली होती. एका हाताला साबण लावून झाला, दुसऱ्याला लावत होते. आत बापलेकांचा चहा चालला होता आणि आप्पा रणधीरला माझी चूक पुन्हा पहिल्यापासून सांगत होते. मधे आत्ती त्यांना दुरुस्त करत होत्या.

"आई," शालू म्हणाली, "सकाळी आजोबांनी स्टीलची परात तिकडं नेली ना, तेव्हा मी सांगितलं होतं. आजोबा, ही ड्रायव्हरची. ते म्हणाले, शाब्बास. आणि तिकडंच लावलं."

मी तिची बोटं एकेक करून चोळत राहिले. फेसातून काळं पाणी वाहत होतं.

"मी कुणाला नाही सांगितलं," ती म्हणाली.

"बरं केलंस."

आतून आप्पांचं हसणं ऐकू आलं, मोठ्यानं, मांडीवर थाप मारून. शालूनं दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिनं आवाज अगदी खाली आणला.

"आई, आजोबांना माहीत आहे का, ते त्यांनीच केलं होतं?"